व्यसनातून बाहेर आलेल्या मुलाला कामावर ठेवावं का? (हिंगणा एमआयडीसी)

लेथवाला
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. चार व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), तीन जुने लेथ, दोन पाळ्या मिळून बावीस माणसं. मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करतो. ऑपरेटरची बोंब तुम्हाला माहीतच आहे. पोट्टे आपल्याकडे सहा महिने शिकतात आणि चाकणला पळतात.

गेल्या आठवड्यात एक मुलगा आला. आयटीआय झालेला, वय सव्वीस-सत्तावीस. ट्रायलला एक बोअरिंगचा जॉब दिला. टेबलावर व्हर्नियर ठेवलेलं होतं. त्याने ते उचललं, ड्रॉइंग पाहिलं, व्हर्नियर परत ठेवलं आणि बोअर गेज (भोकाचा आतला व्यास जास्त अचूक मोजायचं साधन) मागितला. मायक्रोमीटरवर शून्य केला, मगच बोअरमध्ये घातला. माझ्याकडे चार वर्षं काम करणारेही हे सांगितल्याशिवाय करत नाहीत.

मग मधल्या दोन वर्षांचं विचारलं. सरळ म्हणाला, "सर, एमडी ड्रग घेत होतो. नशामुक्ती केंद्रात होतो. आता वर्षाच्या वर झालं, क्लीन आहे. तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगतो."

माझा भाऊ पार्टनर आहे. त्याचं ठाम नाही. म्हणतो, उद्या मशीनमध्ये हात गेला तर निस्तरणार कोण? फोरमन म्हणतो, बाकीच्या पोरांना नादाला लावेल. मी अजून काही कळवलेलं नाही. कोणी असं माणूस ठेवलंय का, किंवा स्वतः यातून गेलंय का? उपदेश नको, तो घरी फुकट मिळतो.

तर्री_एक्स्ट्रा
ठेवून घ्या. आणि बोअर गेज मागणारा ऑपरेटर सापडला हे कोणाला सांगत फिरू नका, चाकणवाले गाडी पाठवतील.

एचआरवाली_बर्डीची
बुटीबोरीच्या एका कंपनीत भरतीचं काम करते. खरं सांगू? आमच्याकडे हा मुलगा तुमच्यापर्यंत पोचलाच नसता. अर्जावर दोन वर्षांची गॅप दिसली की पहिल्या चाळणीतच बाजूला पडतो. पुढे गेलाच तर पडताळणी करणारी एजन्सी यूएएनवरून (पीएफचा कायमचा नंबर) पीएफचा सगळा इतिहास काढते. कुठल्या महिन्यात लागला, कुठल्या महिन्यात सुटला, सगळं दिसतं. म्हणून उमेदवार सांगतात, वडील आजारी होते, शेती पाहत होतो, यूपीएससी करत होतो. आम्हालाही कळतं, आम्हीही मान डोलावतो.

आणि नकार देताना कागदावर 'व्यसन' कधीच लिहीत नाही. 'नॉट सुटेबल' लिहितो. उद्या काही झालं तर "याला घेतलं कोणी?" असं विचारतात. "चांगला माणूस सोडला कोणी?" असं आजवर कोणी विचारलेलं नाही.

कळमना_ट्रक
मी ठेवला होता भाऊ. ओळखीतल्या ओळखीत, त्याच्या काकाने हातापाया पडून गळ्यात घातला. आधी डिझेल कमी भरून राहिलं, मग दोन बॅटऱ्या गेल्या, मग पोलीसच दारात. गांजाची पुडी माझ्या गाडीच्या केबिनमध्ये सापडली. गाडी सोडवता सोडवता घाम निघाला. दया करायची असेल तर देवळात पेटी असते. धंद्यात नको.

खर्रा_बंद
@लेथवाला, तुमच्या फोरमनला विचारा, तो खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून केलेला) किती वेळा खातो. आमच्या शॉपमध्ये मशीन चालू ठेवून माणूस पानठेल्यावर जातो, खर्रा घोटून होईपर्यंत तिथे गप्पा, परत येतो तोवर टूल तुटलेलं. हे व्यसनात धरत नाहीत, 'जरा बाहेर गेलाय' यात धरतात.

तर्री_एक्स्ट्रा
गुटखाबंदी २०१२ पासून आहे म्हणे महाराष्ट्रात. आमच्या चौकातल्या ठेल्यापर्यंत बातमी पोचायचीय.

वर्धेकर
बंदीचं आम्हाला सांगता? आमच्या जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी. नागपूरची शनिवारची अर्धी गर्दी आमचीच असते.

आजचा_दिवस
कळमन्याच्या भाऊंना आधी एक विचारतो. तुम्ही ठेवला तेव्हा तो सोडलेला होता की घेत होता? पुडी केबिनमध्ये सापडली म्हणजे घेत होता. त्याच्या काकाने तो तुमच्याकडे सुधारायला पाठवला. नोकरीला लागला की सुधरेल, लग्न केलं की सुधरेल, हे आपल्याकडचं औषध. लेथवाल्यांचा मुलगा उपचार घेऊन, वर्ष काढून, स्वतःच्या तोंडाने सांगून आला आहे. दोघांना एका पोत्यात घालू नका.

आता माझं. इतवारीत वाढलो. गांजापासून सुरुवात, नंतर ब्राऊन शुगर. घरातली भांडी विकेपर्यंत गेलो, जास्त सांगत नाही. सुटल्यावर पहिल्या काही ठिकाणी खरं सांगितलं. तिथे पाणी मिळालं, चहा मिळाला आणि "कळवतो" मिळालं. मग खोटं बोलून एका गोडाउनमध्ये हिशोबनीस लागलो. काम चांगलं चाललं होतं. एक दिवस कोणाच्या तरी भावाने मला एनएच्या (नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस, ड्रग्ज सोडलेल्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) मीटिंगमधून बाहेर पडताना पाहिलं.

कोणी काही बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून मी आत गेलो की कॅशचं कपाट बंद व्हायचं. किल्लीचा आवाज यायचा. दुसरा कोणी आत आला तर कपाट उघडंच. शेठ माझ्याशी पूर्वीपेक्षा गोड बोलायला लागले. एकदा हिशोबात साडेचारशे रुपये कमी आले, तेव्हा चार जणांपैकी मला एकट्यालाच बसवून ठेवलं. संध्याकाळी डिलिव्हरीवाल्याच्या खिशातून पावती निघाली. मी त्या महिन्याच्या पगारानंतर गेलो नाही. सांगायचं कारण एवढंच की, लपवून नोकरी केली की पोट भरतं पण रोज कोण बघेल, कोण ओळखेल हे डोक्यात चालू राहतं. आणि डोक्यात असं चालू राहणं आमच्यासारख्याला बरं नाही.

आता ज्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे आहे त्याला सगळं माहीत आहे. साईटची वायर, केबल, सगळा माल माझ्या सहीने निघतो. तांब्याच्या केबलची किंमत ज्याला माहीत आहे त्याला यातलं समजेल.

लेथवाले, ठेवणार असाल तर चार गोष्टी. पगार खात्यात द्या, रोख नको. पहिले काही महिने उचल देऊ नका, त्यालाच आधी सांगून ठेवा म्हणजे मागायचा प्रश्न येणार नाही. सुरुवातीला रात्रपाळी टाळा. आणि मीटिंगसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ वेळेवर सोडा. आमच्यात सांगतात, उपाशी, चिडलेला, एकटा आणि थकलेला, या चार वेळा सांभाळ. रात्रपाळीत चारही एकदम येतात.

एचआरवाली_बर्डीची
@आजचा_दिवस, कपाटाचं वाचून कसंतरी झालं. पण कंपनीच्या बाजूने एक विचारते. वर्षभर क्लीन आहे हे मी कशावरून मानायचं? काही सर्टिफिकेट वगैरे असतं का? एखाद्याने दिलं तर मीही वर भांडू शकते.

डॉ_वैनगंगा
मानसोपचार शाखेत आहे, म्हणून लिहितो. 'हा आता कायमचा व्यसनमुक्त' असं प्रमाणपत्र कोणताही शहाणा डॉक्टर देणार नाही. डिस्चार्ज समरी असते, फॉलोअपचे कागद असतात, आणि सध्या कामासाठी फिट आहे एवढं लिहून देता येतं. रक्तदाबाच्या पेशंटला तरी 'पुन्हा वाढणार नाही' असं कोण लिहून देतं? तुलना हवेतली नाही. अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूज व्यसनात पुन्हा घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगते, आणि रक्तदाब, दम्यात उपचार सुटून त्रास उलटण्याचं प्रमाण त्याच पट्टीत येतं. म्हणजे धोका आहे, तो नाकारू नका. पण घसरला म्हणजे सगळं पाण्यात गेलं असंही नाही, उपचार परत सुरू करायचे असतात.

दुसरं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, हे उत्तेजक आहे. ब्राऊन शुगरसाठी ब्युप्रेनॉर्फिन, नालट्रेक्सोनसारखी औषधं आहेत, मेफेड्रोनसाठी तसं खास औषध नाही. सोडल्यावर झोप, मरगळ, उदासपणा यांचा त्रास होतो, आणि तो काळ झोपेच्या वेळा, समुपदेशन आणि रोजचं ठरलेलं काम यांच्यावर निघतो. काम हा उपचाराचाच भाग आहे हे मी पेशंटला सांगतो आणि पेशंट मला विचारतो, "सर, देणार कोण?" याचं उत्तर माझ्या प्रिस्क्रिप्शनवर नसतं.

ब्युप्रेनॉर्फिनवर असलेला माणूस कामावर आला तर 'गोळ्या खाऊन आला' म्हणून हाकलू नका, तो नशेत नसतो. डोस नियमित चालू राहिला तर तो नीट काम करतो, नोकरीपायी डोस बंद केला तर घसरतो.

लघवीच्या तपासणीवर फार विसंबू नका. रोज गांजा ओढणाऱ्याची टेस्ट बंद केल्यावर काही आठवडेही पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट खसखस खाऊन अफूवर्गीय टेस्ट पॉझिटिव्ह आल्याची उदाहरणं आहेत.

तर्री_एक्स्ट्रा
थांबा थांबा. सावजीच्या मसाल्यात खसखस असते. म्हणजे अख्खा नागपूर पॉझिटिव्ह?

डॉ_वैनगंगा
रस्सा बिनधास्त खा. साध्या पट्टीवर शंका आली की प्रयोगशाळेतून पक्की तपासणी करून घ्यायची, तोवर कोणाला काढायचं नाही, एवढंच.

मानेवाडा_आई
पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा मुलगा पण यातूनच आला आहे. त्याला फॉलोअपला मनोरुग्णालयात न्यायचं असतं. रिक्षावाल्याला पागलखाना चौक सांगितलं की तो आरशातून मागे बघतो. म्हणून मी मानकापूर सांगते, थोडं अलीकडेच उतरतो आणि पायी जातो. उन्हाळ्यात फार होतं, पण मुलगा म्हणतो चालू आई.

बाहेरचं सोडा, घरातलेही कमी नाहीत. मारबतीच्या दिवशी, बडग्याचे पुतळे मिरवून जाळतात तेव्हा, माझे दीरच हसत म्हणाले, याला पण बडग्याबरोबर पाठवून द्या, इडापिडा जाईल. मुलगा तिथेच ताट घेऊन बसला होता.

त्याचं इलेक्ट्रिशियनचं आयटीआय झालंय. पण त्याच्यावर एक केस आहे, सेवनाची, कलम २७. गांजा ओढताना पकडलं होतं, जवळ थोडा होता. सरकारी भरतीचा फॉर्म भरताना हे लिहायचं का? एक जण म्हणतो लिहू नका, कोण बघतं.

अ‍ॅड_सिव्हिल_लाईन्स
काकू, 'कोण बघतं' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. चारित्र्य पडताळणीत पोलीसच बघतात. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात हेच तपशिलात सांगितलं. माहिती लपवली तर तेवढ्यावरून नेमणूक जाऊ शकते. खरी माहिती दिली तर गुन्हा किती किरकोळ, पद कोणतं, निकाल काय लागला याचा विचार करून निर्णय घ्यायचा असतो. खरं लिहिलं म्हणजे नोकरी पक्की असं नाही, पण लपवलेलं सापडलं तर बचावच उरत नाही.

केसबद्दल. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे, त्यात कलम ६४ए आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मागता येतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. गांजाचं अल्प प्रमाण म्हणजे १ किलोपर्यंत, एमडीचं २ ग्रॅमपर्यंत. हे कलम पोलीस स्टेशनात कोणी सांगत नाही, बऱ्याच वकिलांनाही आठवत नाही. उपचाराचे सगळे कागद, केसपेपर, तारखा फाईलला लावून ठेवा आणि तुमच्या वकिलाला कलमाचा आकडा सांगून विचारा.

लेथवाले, तुमच्या भावाच्या प्रश्नाबद्दल. अपघात झाला तर ईएसआयसी (कामगारांची सरकारी विमा योजना) आहे, बावीस माणसांवर ती लागू असेलच. नशेचा प्रश्न कायद्यात येतो तो अपघाताच्या क्षणी माणूस नशेत होता का, एवढ्यापुरता. दोन वर्षांपूर्वी काय घेत होता याने तुमची जबाबदारी वाढत नाही आणि कमीही होत नाही. आणि हो, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जशी संबंधित आजारही मानसिक आजारात धरले आहेत. उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क पेशंटला आहे. खासगी मालकाने नोकरी दिलीच पाहिजे असं मात्र त्यात कुठे नाही. तिथे तुमची मर्जी.

ताईची_बहीण
मुलांचंच बोलणं चाललंय म्हणून लिहिते. माझी ताई नर्स होती. आयसीयूच्या सलग ड्युट्या, पाठीचं दुखणं, हाताशी इंजेक्शनं. पेंटॅझोसिन, दुखणं थांबवायचं औषध. घरात कोणाला वर्षभर कळलं नाही, ती बाराही महिने लांब बाह्यांचे ब्लाऊज घालायची. हॉस्पिटलने पोलीस केस केली नाही, राजीनामा घेतला आणि अनुभवाचं पत्र द्यायला नकार दिला. उपकार केले असं त्यांचं म्हणणं.

आज ती बरी आहे. एका पॅथॉलॉजीच्या काउंटरवर रिपोर्ट वाटते, नर्सच्या पगाराच्या निम्म्यावर. मुलगा व्यसनी असेल तर आई निदान बोलते, केंद्र शोधते. बाईचं कळलं तर सासर-माहेर दोन्हीकडून आधी झाकतात. तिच्या नवऱ्याने नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं की तिला टीबी आहे.

खर्रा_बंद
ताई, टीबी सांगणं सोपं वाटलं म्हणजे बघा कुठे येऊन पोचलो आपण.

पुण्यातला_नागपूरकर
पुण्यात मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झालं, अनिल आणि अनिता अवचटांनी केलं. तिथे कितीतरी कार्यकर्ते स्वतः एकेकाळचे पेशंट आहेत. नागपूरच्या केंद्रांतही असं करता येईल की. त्यांच्या अनुभवाचा उपयोग होईल आणि नोकरीचा प्रश्नही सुटेल.

आजचा_दिवस
होतंच तसं भाऊ, आणि ज्याचा पिंड आहे त्याने जरूर करावं. पण सुटलेल्या प्रत्येकाने समुपदेशकच व्हायचं का? टर्नरला टर्नर राहू द्या, नर्सला नर्स. केंद्रातून बाहेर पडलो आणि केंद्रातच नोकरी केली तर बाहेर पडलो कुठे? शिवाय काही ठिकाणी 'सेवा' म्हणून राबवून घेतात, जेवण आणि दोन-चार हजार. काही केंद्रं तर पोरांना कोंडून मारतात, त्याच्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

कळमना_ट्रक
ड्रायव्हरचं काय मग? तिथे पण पुन्हा घ्यायचं? रस्त्यावर चाळीस टन घेऊन चालतो तो.

डॉ_वैनगंगा
ड्रायव्हर, उंचावरचं काम, प्रेस मशीन, इथे थांबावं. लगेच स्टिअरिंग देऊ नये, हे तुमचं बरोबर. पण तुमच्या ऑफिसात बिल्टी लिहायला, टायरचा हिशोब ठेवायला माणूस लागतो की नाही? आणि भाऊ, तुमच्या सध्याच्या ड्रायव्हरांपैकी ढाब्यावर थांबून घेणारे किती, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळालेले दिसले. बाकीचे ३७ घरी बसलेले नाहीत, कुठे ना कुठे कामावरच आहेत.

एचआरवाली_बर्डीची
हे मात्र खरं. पिणाऱ्याला आमच्याकडे वॉर्निंग लेटर मिळतं, दुसरं मिळतं, मग युनियन मध्ये पडते. सोडून आलेल्याला इंटरव्ह्यूसुद्धा नाही.

लेथवाला
सगळ्यांचं वाचलं. काय झालं ते लिहितो.

मुलाला परत बोलावलं, भावासमोर बसवलं. आजचा_दिवस यांनी सांगितलेल्या अटी ठेवल्या, त्याने सगळ्यांना हो म्हटलं. उचलीचं तर तोच म्हणाला, मागितली तरी देऊ नका. भावाने एक अट घातली, दर महिन्याला लघवीची टेस्ट. मुलगा त्यालाही तयार. मी म्हटलं, मग अख्ख्या शॉपची करू, एकट्याची कशी करायची? फोरमन बाजूलाच उभा होता. म्हणाला, "म्हणजे माझी पण? सोमवारी नका ठेवू मग." त्यानंतर टेस्टचा विषय भावानेच काढला नाही.

कोणाला सांगायचं हे मुलालाच विचारलं. म्हणाला, फोरमनला सांगा, बाकीच्यांचं मी बघतो. दिवसपाळीला घेतलाय, तीन महिने ट्रायल. बुधवारी साडेपाचला सोडतो. भाऊ अजून दर तासाला काहीतरी निमित्त काढून त्याच्या मशीनकडे चक्कर मारतो. मुलाच्या लक्षात आलंय, पण बोलत नाही. भावाला मी आजचा_दिवस यांचा कपाटाचा किस्सा वाचायला दिला. वाचला, फोन परत दिला, म्हणाला, "बघू."

कळमना_ट्रक
तीन महिन्यांनी इथेच येऊन खरं खरं लिहा. चोरी झाली तरी लिहा.

लेथवाला
लिहितो. नाही झाली तरी लिहितो, तेही वाचा.

मानेवाडा_आई
वकीलसाहेब, आभार. ६४ए लिहून घेतलं. लेथवाले भाऊ, तुमच्याकडे इलेक्ट्रिशियन लागतो का?

लेथवाला
काकू, माझ्याकडे मेंटेनन्सला एकच माणूस आहे, दुसरा परवडत नाही. पण शेजारच्या दोन-तीन शेडमध्ये विचारतो.

आजचा_दिवस
काकू, व्यनि (खासगी निरोप) केलाय. आमच्या साईटवर वायरमनच्या हाताखाली जागा आहे. मुलाला सांगा, सोबत आई नको, स्वतः फोन कर. कोणाला घरी जास्त त्रास होत असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, फोन फुकट लागतो. मनाचं काही असेल तर १४४१६, टेलिमानस.

एचआरवाली_बर्डीची
लेथवाले, एक कामाचं. त्या मुलाच्या जुन्या कंपनीने पीएफमध्ये सोडल्याची तारीख टाकली आहे का बघा. बहुतेक वेळा अचानक गेलेल्यांची टाकलेली नसते, मग नवीन खात्यात रक्कम ट्रान्सफर करताना अडतं. शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाले असतील तर तो स्वतःच यूएएन पोर्टलवरून टाकू शकतो. आधार लिंक असलेला मोबाईल नंबर चालू हवा.

लेथवाला
नंबरच बदललाय त्याचा, जुनं सिम त्याने मुद्दाम तोडून टाकलं होतं. आधी आधार केंद्रावर पाठवतो.